पिठाच्या गिरणीतला अजिंक्य

शिरूरच्या एसटी स्टँडमागं दत्तूशेठची पिठाची गिरणी होती. तिच्यात ज्वारीची चक्की एकीकडं, गव्हाची दुसरीकडं, आणि दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात एका रिकाम्या खोक्यावर टीव्ही आणि त्याला जोडलेला कॅसेटचा व्हिडिओ गेम. दळण होईपर्यंत गिऱ्हाइकांची पोरं गप बसावीत म्हणून दत्तूशेठनं तो पुण्याहून आणला होता. पण महिन्याभरात गत अशी झाली की पोरं गेमसाठी यायला लागली आणि रिकाम्या हातानं आत घेत नाहीत म्हणून घरात जे सापडेल ते दळायला उचलून आणायला लागली. आमच्या आळीत त्या वर्षी दळलेलं पीठ लोकांनी पुन्हा दळून खाल्लं. एकानं हरभऱ्याच्या डाळीबरोबर तिच्यातले खडेही दळून नेले आणि त्यांच्या घरची पुरणपोळी पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत कुणाला मोडता आली नाही. मी स्वतः एकदा घरची बाजरी संपली म्हणून खडेमीठ घेऊन गेलो होतो. दत्तूशेठनं मला डब्यासकट रस्त्यावर काढलं, तरी मी डबा दारात ठेवून आत शिरलोच. खेळून घरी यायचो तेव्हा भुवया, पापण्या, कान सगळं पांढरं असायचं. आई मला काही विचारायची नाही. नुसती फडक्यानं झटकायची आणि झटकलेलं पीठ परातीत धरायची. त्यात एक भाकरी आरामात व्हायची.

आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांच्या काळात वर्षातले आठ महिने वाटेवर जायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं चुलत्याच्या हवाली केली, घोड नदीच्या अंगाला थोडी शेती धरली आणि शिरूरला दोन खोल्यांत संसार मांडला. मेंढरं गेली, पण आवाज राहिला. एका माळावरून दुसऱ्या माळावर हाक मारायची सवय असलेला गळा दोन खोल्यांत कोंडल्यावर काय होतं, ते आमच्या शेजाऱ्यांना विचारावं. आईनं आतल्या खोलीतून मीठ मागितलं की न्हावरे फाट्यावरचा दुकानदार मीठ काढून ठेवायचा. संध्याकाळी चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत असायची, आप्पा बातम्यांवर मात करून बोलत असायचे, आई आप्पांवर मात करून, आणि या सगळ्यांवर आमची एक शेळी. आणि या घरात एक गोष्ट कुणालाच येत नव्हती, ती म्हणजे हरणं. आप्पांना सापशिडीत एकदा अठ्ठ्याण्णव नंबरवर साप चावला. त्यांनी पट उचलला, चुलीत घातला आणि त्यावर चहा करायला लावला. आई शेजारणीबरोबर पापड लाटताना मागं पडली, तर शेजारणीचं पोळपाट डुगडुगतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मी तर दोघांचा मिळून एक होतो. कॅरममध्ये हरल्यावर मी स्ट्रायकर असा भिरकावला होता की तो अजून कुठं पडल्याची खबर नाही.

अशा घरातला पोरगा अजिंक्य कसा झाला, हे आता या वयात पुन्हा एकदा सांगायला हरकत नाही. ज्यांनी मारलं असतं ते आता जिने चढताना थांबतात.

गिरणीतला गेम बॉक्सिंगचा होता. एक लाल चड्डीवाला, एक निळ्या चड्डीवाला, आणि दोघांच्या डोक्यावर ताकदीची एकेक पट्टी. ठोसा बसला की पट्टी आखूड व्हायची, संपली की गडी आडवा. वेळेची मर्यादा नव्हती, कुणीतरी पडेपर्यंत खेळ चालायचा. त्यात दत्तूशेठचा कायदा असा, की खेळ चालू असताना लाईट गेली तर डाव बरोबरीत, कुणीच हरलं नाही. आता त्या काळात शिरूरला लाईट असणं हीच बातमी होती. दळणवाल्या बायकांचा खोळंबा होऊ नये म्हणून लाईट कोणत्या वारी किती वाजता जाणार याचं वेळापत्रक दत्तूशेठनं भिंतीवर चिकटवलं होतं. बायका ते बघून दळण आणायच्या. मी ते बघून खेळायला बसायचो. सोमवारी नऊ वाजता जाणार असली की मी पावणेनऊला बसणार, गुरुवारी दुपारी तीनला जाणार असली की पावणेतीनला. बसलो की माझा निळ्या चड्डीवाला एकच काम करायचा, पळायचा. दोरीच्या कडेकडेनं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, खाली वाकून, वर उडी मारून. समोरचा गडी मागं लागून लागून घामाघूम व्हायचा, शिव्या द्यायचा, आणि मग टप्पकन अंधार. चक्क्या घरघरत थांबायच्या आणि मी उभा राहून हात वर करायचो. ठोसा मारायचं बटण नक्की कुठलं हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. गरजच पडली नाही.

माझी ही युक्ती एकट्या सोपानला ठाऊक होती. सोपान माझ्या शेजारचा, माझ्याच वर्गातला, आणि खोटं बोलता न येणं हा त्याला लहानपणापासूनचा आजार होता. मास्तर वर्गात आले की हा विचारण्याआधीच गृहपाठ केला नाही म्हणून सांगून मार खाऊन मोकळा. त्याला मी शपथ घातली होती की कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि विचारणार कोण? दत्तूशेठनं गिरणीच्या पत्र्यावर खडूनं हे एवढं मोठं लिहिलं होतं : अजिंक्य – बापू. त्याखाली कुणाचं नाव नव्हतं. अजिंक्याला एक मान होता. त्याच्या घरचं दळण नंबर न लावता व्हायचं. आईला गेम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिला वाटायचं मी दत्तूशेठकडं काहीतरी सरकारी परीक्षा पास झालोय. पण नंबर न लावता दळण म्हणजे काय, हे तिला बरोबर ठाऊक होतं. डोक्यावर पाटी घेऊन ती बायकांच्या रांगेकडं न बघता अशी सरळ आत जायची की लग्नात नवरदेवाची आई काय जाईल. दळून झालं तरी ती लगेच निघायची नाही. पीठ गार होऊ द्यावं लागतं, असं म्हणत रांगेसमोर पाटी ठेवून उभी राहायची.

हे सगळं सुखानं चाललं असताना दौंडहून आत्या आली. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. शेंगोळी खाताना आप्पांनी माझं कौतुक सुरू केलं. आमच्या घरात कौतुक म्हणजे जाहीर सभाच. शिरूर तालुक्यात याला हरवणारा नाही, इथून सुरुवात करून भाकरी संपेपर्यंत आप्पा महाराष्ट्रापर्यंत पोचले. आत्या शांतपणे म्हणाली की आमचे हेही खेळतात की, ड्यूटी नसली की तोच उद्योग, पोरीसाठी गेम आणला आणि आता पोरीला हात लावू देत नाहीत. आप्पांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीला, दुपारी बाजाराला आणि संध्याकाळपर्यंत गिरणीला कळलं होतं की येत्या रविवारी बापू दौंडला जाऊन रेल्वेच्या गार्डाला आडवा करणार. दत्तूशेठनं खडू उचलून अट घातली. जिंकून आलास किंवा बरोबरीत सोडवून आलास तर नाव कायम. हरलास तर नाव पुसणार, आणि तुझ्या आईनं रांगेत उभं राहायचं. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यातल्या दोघींनी नवस बोलला असणार, अशी माझी आजही खात्री आहे.

आईनं निघताना माझ्या हातावर दही घातलं आणि एकच वाक्य बोलली. "हरून आलास तर पाटी तू डोक्यावर घ्यायची, आन् रांगेत तू उभं ऱ्हायचं, माझी साडी नेसून."

मी निर्धास्त होतो. रविवारी शिरूरला लाईट सव्वाबाराला जायची, म्हणून मी सामना बाराला ठेवायला सांगितला होता. एसटीत सोपाननं शंका काढली की दौंडचं टायमिंग वेगळं असलं तर. मी त्याला समजावलं की अरे, जिल्हा एक, तारा त्याच, शिरूरला जाते ती दौंडला का जाणार नाही, आणि अर्धा तास इकडं तिकडं झाला तर मी पळीन की अर्धा तास जास्त.  आमच्याबरोबर गिरणीतली आणखी तीन पोरं साक्षीदार म्हणून दत्तूशेठनं पाठवली होती. चौफुल्याला गाडी बदलताना त्यांनी भजी खाल्ली, मी खाल्ली नाही. अजिंक्य माणसानं सामन्याआधी तेलकट खाऊ नये, असं मी त्यांना सांगितलं. खरं तर मला घास जात नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मामांचं क्वार्टर रेल्वेच्या यार्डाला लागून. एका ओळीत सारखीच घरं, सारख्याच खिडक्या, मागं परसात शेवग्याचं झाड आणि कंपाउंडपलीकडं रूळ. मामा बनियन आणि लुंगीवर बसून शेंगा सोलत होते. जाडजूड, सावळे, आणि इतके संथ की माशी बसायची ती त्यांच्या अंगावर झोप काढून जायची. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली, शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले, टॉवेलची घडी केली, घडी दांडीवर टाकली, आणि मग म्हणाले, "बसायचं का?" एवढ्या वेळात शिरूरच्या गिरणीत दोन पायल्या दळून झाल्या असत्या. घड्याळात बाराला पाच कमी होते. मी मनात म्हणालो, मामा, तुम्ही टॉवेलच्या आणखी दोन घड्या घाला.

खेळ सुरू झाला आणि मी पळायला लागलो. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, वाकून, उडी मारून. नेहमी काय व्हायचं, समोरचा मागं लागायचा. मामांचा लाल चड्डीवाला रिंगणाच्या मध्यावर उभा राहिला आणि तिथंच राहिला. मामांनी गेमचा रिमोट मांडीवर ठेवला आणि राहिलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. मी एकटाच पळतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. साक्षीदार पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग त्यांनीही शेंगा घेतल्या. सव्वाबारा वाजले. मी छताकडं बघितलं. पंखा फिरत होता. साडेबाराला आत्यानं चहा दिला, मामांनी तो बशीत ओतून, फुंकून प्यायला. पावणेएक. माझे अंगठे सुजून वांग्यासारखे झाले होते. पंखा फिरतच होता, आणि मला आता वाटायला लागलं की तो मला बघून जरा जोरातच फिरतोय. आता सोपानही पंख्याकडं बघायला लागला होता. मग एकेक करून चारही शिरूरकर माना वर करून बसले. मामांनीही एकदा वर बघितलं, पंख्यावर काय आहे म्हणून, आणि पुन्हा शेंगांकडं वळले.

शेवटी एक वाजता माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मामा, तुमच्यात लाईट कवा जाती हो?"

"कुठं?"

"इथं. क्वार्टरात."

मामांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, नीट चावले. "ही रेल्वेची लाईट हाय, बापू. ती कशाला जाईल?"

मी पुढं आयुष्यात डॉक्टरांचे रिपोर्ट ऐकलेत, कोर्टाच्या पायऱ्या चढलोय, पोरीच्या लग्नात जेवण संपल्याची बातमीही मलाच सांगितली गेली. पण त्या वाक्यानं जशी पायाखालची जमीन गेली, तशी पुन्हा कधी गेली नाही. डोळ्यांपुढं आई आली, डोक्यावर पाटी, रांगेच्या शेवटी उभी. मग मी आलो, तिची साडी नेसून. आता ठोसा मारणं भाग होतं, म्हणून मी पहिलं सापडलं ते बटण दाबलं. त्या बटणानं माझा गडी जागच्या जागी थांबला आणि पडद्यावरचं सगळंच थिजलं. पुन्हा दाबलं, तेव्हा सगळं पुन्हा सुरू झालं. दुसरं बटण दाबतोय तोवर मामांनी रिमोट उचलला, लाल चड्डीवाला चार पावलं पुढं आला, आणि दोन ठोसे, थोडं थांबून आणखी एक. माझा निळ्या चड्डीवाला आडवा झाला आणि त्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरल्या. एक तास पाच मिनिटं पळालो, आणि आडवा व्हायला सात सेकंद लागले. सोपाननं मोजले होते.

त्या क्षणी खोलीत हालचाल झाली ती बघण्यासारखी होती. माझ्याबरोबरची पोरं मला ओळखून होती. एकानं भिंतीवरचा आरसा काढून पोटाशी धरला, दुसऱ्यानं शेंगांचं सूप उचललं, तिसरा सरळ अंगणात गेला. माझ्या हातात रिमोट होता, त्याची वायर ताणली गेली होती, कानांतून वाफा निघत होत्या, आणि आमच्या घराण्याचा तो आवाज बेंबीपासून वर यायला लागला होता. मी कुठली सबब ओरडणार होतो तेही ठरलं होतं, की रिमोट बिघडलेला आहे आणि दौंडची लाईट लबाड आहे.

मामा उठले. खोलीच्या कोपऱ्यात त्यांची ड्यूटीची काळी लोखंडी पेटी होती, ती त्यांनी उघडली, आतून दांडीला गुंडाळलेला हिरवा बावटा काढला, आणि माझ्या हातातला रिमोट अलगद काढून घेऊन तो बावटा माझ्या हातात दिला.

"आमची मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करत्यात," मामा म्हणाले. "दोन दोन तास. मागनं एक्सप्रेस येती आन् आपल्या डोळ्यांदेखत पुढं निघून जाती. तवा गार्डानं काय करायचं असतं?"

"शिव्या द्यायच्या," मी म्हणालो.

"त्या मनात. हातात हिरवा बावटा. डब्यातून उतरून नीट उभं ऱ्हायचं आन् तिची चाकं बघायची. कुठं धूर न्हाई, कुठं काय लोंबत न्हाई, मग बावटा दाखवायचा, जा बाई, तुझं सगळं ठीक हाय. न्हाई बघितलं आन् तिचं चाक पेटलेलं असलं तर? आपल्याला थांबवून जी पुढं गेली, तिच्यातली माणसं मग आपल्याच भरवशावर असत्यात."

मला वाटलं झालं एवढ्यावर. पण मामांच्या घरात हा नुसता उपदेश नव्हता, नियम होता. हरेल त्यानं उंबऱ्यात उभं राहायचं, जिंकेल तो स्वयंपाकघरातून निघून गाडीसारखा त्याच्यासमोरून जाणार, आणि हरलेल्यानं त्याला बावटा दाखवायचा. नवरा-बायकोच्या भांडणालाही हाच नियम होता. लग्नापासून मामांचे दोन बावटे फाटले होते, आत्यानं एकदाही हातात धरला नव्हता. तर मी उंबऱ्यात उभा राहिलो, तोंड शेणकुटासारखं करून. मामा स्वयंपाकघरात गेले. आतून तोंडानं शिट्टी झाली, आणि वयानं पन्नाशीला टेकलेला, शंभर किलोचा तो माणूस कोपरं हलवत, भकभक करत माझ्यासमोरून गेला. मी खाली बघत बावटा हलवला.

"चाकं बघितली का?" दारात थांबून त्यांनी विचारलं.

"बघितली."

"मग?"

"लुंगी लोंबतीय."

मामांनी खाली बघितलं, लुंगी वर खोचली, आणि पहिल्यांदा हसले. "हां. हेच सांगायचं असतं." पोरं आरसा आणि सूप टाकून पोटं धरून बसली, आणि माझ्या पोटातून वर निघालेला तो आवाज बाहेर आला तेव्हा तो हसण्याचा निघाला. मलाच त्याचं नवल वाटलं. हसताना मी थांबायच्या आत म्हणून टाकलं, "मामा, अजून एक डाव."

त्या दुपारी मी अकरा वेळा हरलो. दुसऱ्या वेळी हरता हरता मी मामांचा अंगठा बघितला आणि ठोशाचं बटण कुठलं ते मला कळलं. दोन वर्षं अजिंक्य राहून जे कळलं नव्हतं, ते दोन वेळा हरून कळलं. चौथ्या वेळी कळलं की मामा मारण्याआधी खांदा उचलतात. पाचव्यांदा मी त्यांची निम्मी पट्टी उतरवली. आणि सहाव्यांदा हरलो तेव्हा अंगात असा काही उत्साह आला होता की उंबरा मला पुरेना. मी बावटा घेऊन मागच्या परसात धावलो, शेवग्याखाली चौथऱ्यावर चढलो, छाती काढली, आणि शिरूर ते दौंड पट्ट्यात कुणी दाखवला नसेल असा तो हिरवा बावटा दाखवला.

कंपाउंडपलीकडं यार्डात एक इंजिन उभं होतं. ते शिट्टी मारून बोललं.

मामा संथ होते असं मी वर लिहिलंय. ते सगळं खोडून टाका. तो माणूस स्वयंपाकघर, मोरी आणि परस एका उडीत ओलांडून आला, लुंगी कुठं तरी वाटेत राहिली, आणि चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर त्यांनी मला बावट्यासकट काखेत मारलं आणि घरात आणलं. मामा म्हणायचे, इंजिन हललं नव्हतं, ते शिट्टी दुसऱ्याच कुणाला देत होतं. मी म्हणतो ते हललं होतं, आणि आणखी दोन मिनिटं मी चौथऱ्यावर राहिलो असतो तर ते मनमाडलाच थांबलं असतं. आत आल्यावर मामांनी दार लावलं, दाराला पाठ लावून श्वास घेतला, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बावटा घरात. फकस्त घरात." आत्यानं आतून लुंगी आणून दिली आणि म्हणाली की यांना धावताना मी बघितलं ते आमच्या वरातीनंतर आजच.

मग आम्ही जेवलो. हुलग्याची शेंगोळी दौंडलाही होती, पण आत्या त्यात लसूण असा घालायची की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आणि दुसऱ्याला जन्माचं समाधान. सकाळपासून उपाशी होतो, नऊ भाकरी खाल्ल्या. सोपान पाच म्हणतो. माझा पुतण्या हल्ली मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांशी खेळतो आणि हरला की फोन गादीवर आपटतो. गादीवरच आपटतो, कारण फोन महागाचा आहे. त्याला मी एकदा हिरवा नॅपकिन दिला आणि ही सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला की काका, समोरच्याला दिसणार कसा. मी म्हणालो, त्याला दिसायची गरज नाही. त्याच्या चाकाकडं तू बघितलंस की झालं. तो उठून आपल्या आईला सांगायला गेला की काकांना बरं वाटत नाहीये.

शिरूरला परत आलो तेव्हा साक्षीदार पोरं स्टँडवरून पळत पुढं गेली होती. मी गिरणीत पोचलो तोवर बातमी माझ्याआधी पीठ होऊन बसली होती. दत्तूशेठ ओलं फडकं घेऊन पत्र्यापाशी उभा होता. रांगेत बारा-पंधरा बायका होत्या आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीकडं तोंड करून, आई होती. तिनं साडीचं काही काढलं नाही. नुसती पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. तेवढं मला साडीपेक्षा लागलं. मी दत्तूशेठच्या हातून फडकं घेतलं आणि माझं नाव मीच पुसलं, कडेकडेनं, नीट, खडूचा डाग राहणार नाही असं.  मी काहीतरी फेकणार म्हणून सगळे वाट बघत होते, आणि दत्तूशेठनं टीव्ही दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"मामा काय मारतो, शेठ," मी म्हणालो. "ऐकायचंय का?"

आणि मी सांगायला लागलो. पंखा सांगितला, शेंगा सांगितल्या, माझे सुजलेले अंगठे सांगितले, आणि लाईटची माझी लबाडीही सांगून टाकली, कारण तिच्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती. ज्यांना मी दोन वर्षं पळवलं होतं ती पोरं उठून अंगावर यायला निघाली, पण मी तेवढ्यात लुंगीपाशी पोचलो होतो, म्हणून ऐकायला थांबली. रांगेतली पहिली बाई चक्कीपाशी आली, तिनं पाटी खाली ठेवली आणि मागचीला म्हणाली की तुझं होऊ दे, मला इंजिनाचं ऐकायचंय. मागचीलाही ऐकायचं होतं. असं होत होत एकेकीनं आपला नंबर मागचीला दिला, आणि बघता बघता आई रांगेच्या शेवटापासून चक्कीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दत्तूशेठ ओरडायला लागला की कुणीतरी दळा, माझी चक्की रिकामी फिरतीय. आईनं पाटी खाली ठेवली, पाटीच्या काठावर बसली आणि दत्तूशेठला हातानंच गप केलं.

मी सातवी हार सांगितली, आठवी सांगितली, अकरावी तर उभं राहून हातवारे करून सांगितली, आणि थांबलो, कारण पुढं काही झालंच नव्हतं. अख्खी गिरणी माझ्या तोंडाकडं बघत होती. आईनं पदरानं डोळे पुसले, ते हसून हसून आले होते की पिठानं, मला सांगता येणार नाही.

"मग?" ती म्हणाली. "बाराव्या वेळी काय झालं?"

मी सोपानकडं बघितलं. सोपान माझ्याकडं बघत होता, मग त्यानं आईकडं बघितलं, मग त्या रांगेतल्या सगळ्या बायकांकडं. त्यानं घसा खाकरला.

"बाराव्याला तर, मावशी," सोपान म्हणाला, "लईच वाईट हरला."